ओठ न मिटता बोलली जाणारी कायुगा

कायुगा भाषेत प, ब, म नाहीत. बोलताना ओठ मिटावेच लागत नाहीत. कॅनडातल्या ब्रँटफर्डजवळ, ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स वस्तीत ती आज तग धरून आहे. ती आईकडून शिकलेली माणसं मोजकीच उरलीत, तीही बहुतेक वयोवृद्ध.

कायुगांची मूळ गावं न्यूयॉर्कमधल्या कायुगा तलावाकाठची. १७७९ मध्ये अमेरिकी सैन्यानं ती मक्याच्या शेतांसकट जाळली. ब्रिटिशांनी १७८४ साली त्यांना ग्रँड नदीकाठी जमीन दिली, पण पुढे तिथल्याच मोहॉक इन्स्टिट्यूट या निवासी शाळेत स्वभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. शाळा १९७० मध्ये बंद पडली, तोवर बऱ्याच घरांत इंग्रजी शिरली होती.

२००२ मध्ये कायुगा-इंग्रजी शब्दकोश निघाला. कोश हवाच, पण त्यानं जीभ वळत नाही. कोणी कोणाला दिलं, हे कायुगा क्रियापदाच्या पोटातच असतं; तक्ते घोकून ते ऐन वेळी ओठांवर येत नाही. म्हणून एक जाणता आणि एक शिकणारा अशी जोडी जमवायची, इंग्रजी बाजूला ठेवायची आणि रोजची कामं बरोबरीनं करायची. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषांसाठी ही रीत घडवली गेली.

काम म्हणजे, उदाहरणार्थ, पांढरा मका. लाकडाच्या राखेच्या पाण्यात तो उकळायचा, साल सुटली की टोपलीत घेऊन खळखळून धुवायचा. पाणी किती, राख कुठल्या लाकडाची, साल सुटली कशी ओळखायची, हे सारं हात चालत असताना विचारायचं. मक्याच्या ताटावर वेल चढवणारा घेवडा आणि खाली पानं पसरून ओल राखणारा भोपळा यांची ओळख शेतातच होते.

कायुगांच्या समारंभाआधीचं आभारप्रदर्शन माणसांपासून सुरू होऊन पृथ्वी, पाणी, वनस्पती, प्राणी असं ताऱ्यांच्याही पलीकडे जातं. क्रम ठरलेला, शब्द मात्र बोलणाऱ्याचे. पाठांतरावर निभावता येईल, पण ज्यानं ती झाडं पाहिलीच नाहीत त्याचं बोलणं मला पोकळ वाटतं.

अडचण वेळेची आहे. जाणत्यांना समारंभ, अंत्यविधी, वर्ग सगळीकडूनच बोलावणं असतं. त्यांच्या तासांचा मोबदला द्यायलाच हवा. मोठेपणी भाषा शिकलेल्यांनाही आता शिकवायला बसावं लागतं, स्वतःचं शिकणं पुरं होण्याआधीच.