बिल नंबर ५०१ ते ५५०: बिलं ४९ की ५०?

व्हिडिओत आपण शीटमध्ये ओळीनं नंबर पाडले. त्यात एकाचा फरक का पडतो, ते इथे निवांत बघू.

आधी सोपा प्रश्न. आपल्या मलकापूर-कराडकडच्या एखाद्या शेताचा बांध १०० फूट लांब आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दर १० फुटांवर खांब रोवायचा. खांब किती? १० नाही, ११! अंतरं १०, खांब ११.

दहावीची अंकगणिती श्रेढी आठवते का? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही हाच नियम आहे: पदांच्या संख्येतून एक वजा करा, अंतरानं गुणा, पहिलं पद मिळवा, शेवटचं पद आलं.

आता दुकानात या

५५० वजा ५०१ म्हणजे ४९. पण बिलं ५०, कारण पहिलंही मोजायचं. जीएसटीआर-१ च्या १३ व्या तक्त्यात कुठून कुठपर्यंत नंबर, एकूण किती, रद्द किती हे भरावं लागतं. तिथे ४९ लिहिलं की हिशोब चुकला.

शीटमध्ये

=सीक्वेन्स(५०, १, ५०१, १)

हे टाइप मात्र इंग्रजीत करायचं. क्रम असा: ओळी, रकाने, सुरुवात, अंतर. शेवटचा नंबर आपण देत नाही. तो ५५० आला का, एवढं तपासायचं.

पायथॉनमध्ये

रेंज(५०१, ५५१) लिहा. रेंज शेवटचा आकडा धरत नाही. ५५० लिहिलंत तर गाडी ५४९ वरच थांबते आणि एक बिल गायब!

सगळ्यात महत्त्वाचं

सीक्वेन्सचा नंबर ओळीला चिकटतो, गिऱ्हाइकाला नाही. मधली एक ओळ उडवली की खालची नावं वर सरकतात आणि ५०८ चं गिऱ्हाईक ५०७ वर येतं. छापून दिलेलं बिल एक सांगतं, शीट दुसरंच. जीएसटीत बिल नंबर सलग हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको.

म्हणून नंबर पाडले की लगेच कॉपी करा आणि त्याच जागी फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. बिल रद्द झालं तर ओळ उडवू नका, समोर ‘रद्द’ लिहा.

आजच तुमचं चालू बिलबुक काढा. शेवटचा नंबर वजा पहिला, अधिक एक. जुळतंय का बघा आणि कमेंटमध्ये सांगा!