बर्फाचा उतार आणि मागे फिरण्याचा हक्क

शीव कोळीवाड्यात बर्फ म्हटला की मासळीच्या पाटीतला, लादी फोडून केलेला चुरा डोळ्यांपुढे येतो. बांधकाम मजुरांत वावरणाऱ्या माणसाने हिमालयातल्या बर्फावर बोलावे, हे म्हणूनच श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. पण आपल्या वस्तीचा त्या बर्फाशी संबंध आहे. फाळणीनंतर येथे वसलेल्या पंजाबी कुटुंबांतील माणसे हेमकुंड साहेबच्या यात्रेला जातात. मराठी घरांतली मुलेमुली रजा जोडून हिमालयात पदभ्रमणाला जातात. हेमकुंडच्या वाटेवर अटलाकोटी येथे २०२३ च्या जूनमध्ये बर्फ घसरून यात्रेकरू सापडले व एका बाईंचा अंत झाला. त्याच चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे सीमा रस्त्याचे ५४ कामगार हिमस्खलनात सापडले. ४६ वाचले, ८ गेले. ती बातमी वाचल्यापासून आम्ही हा विषय ग्रंथालयात बसून समजून घेत आहो.

हिमस्खलन म्हणजे देवाचा कोप नव्हे. त्याला कारण असते. डोंगरावरचा बर्फ थराथरांनी साचतो. एखादा थर घट्ट, एखादा भुसभुशीत. कडक थंडीत खालच्या बर्फाचे कण साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरीत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून त्याची लादी बनवितो. घरी करून पाहा: पाटावर साखर पसरा, तिच्यावर एक जाड वही ठेवा आणि पाट एका बाजूने हळूहळू उचला. काही वेळ काही होत नाही. मग एका क्षणी वही सबंध घसरते. डोंगरावर नेमके हेच होते. फरक इतकाच की वहीच्या जागी शेकडो टन बर्फ असतो आणि तिच्यावर माणूस उभा असतो.

बहुतेक मोठी हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. म्हणजे घरातल्या जिन्याइतक्या किंवा त्याहून थोड्या उभ्या चढावर. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, थोडाथोडा गळून पडतो. सौम्य उतार सहसा स्वतः घसरत नाही, परंतु वरचा बर्फ त्याच्यावर येतो. म्हणून पायाखालचीच नव्हे, डोक्यावरची जमीनही पाहावी लागते.

बर्फ सूचना देतो. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला दिवस, जोराचा वारा, एकाएकी वाढलेली ऊब किंवा पाऊस, शेजारच्या उतारावर नुकताच घसरलेला बर्फ, पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज, पावलापासून पळत जाणारी भेग: यांतले एक जरी दिसले तरी तो उतार सोडावा. हौशी प्रवासी ज्या स्खलनात सापडतात ते बहुधा त्यांच्या किंवा सोबत्याच्या वजनानेच सुटलेले असते. संशयाची जागा ओलांडणे भागच असेल तर एकेकाने ओलांडावी, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे. उताराच्या पायथ्याशी तंबू ठोकू नये. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने घटते, कारण थांबलेला बर्फ घट्ट आवळतो. बाहेरची मदत इतक्यात येत नाही. म्हणून ठावठिकाणा सांगणारे संदेशयंत्र, लांब सळई आणि फावडे ही तीन साधने प्रत्येकाजवळ हवीत आणि ती वापरण्याचा सराव हवा.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. माणाच्या घटनेच्या आदल्या सायंकाळी संरक्षण खात्याच्या चंदीगड येथील संशोधन संस्थेने चमोलीसह काही जिल्ह्यांत २४०० मीटरांवरील भागासाठी चोवीस तासांचा इशारा दिला होता. माणा सुमारे ३२०० मीटरांवर आहे. इशारा निघणे ही एक गोष्ट. तो लोखंडी डब्यात झोपलेल्या मजुराच्या कानी पडणे आणि त्याला जागा सोडता येणे ही दुसरी. पहिली गोष्ट विज्ञान करते, दुसरी समाजाने करावयाची असते.

एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रवाहावर १८ एप्रिल २०१४ रोजी १६ नेपाळी कामगार बर्फाखाली मेले. गिऱ्हाईक तो टप्पा मोजक्या वेळा ओलांडतो, ओझेवाला पुनःपुन्हा. धोका सर्वांना सारखा नसतो. त्यानंतर शेर्पांनी काम थांबविले, आणि त्या बाजूचा मोसम जवळजवळ संपला.

आम्हांलाही एक पावसाळा आठवतो. पायाच्या खणतीच्या कडेला भेग दिसली. मजूर बोलला, मुकादम म्हणाला, “काही होत नाही, उतर.” दुसऱ्या दिवशी ती कड ढासळली. माणूस वाचला, पाय गेला. भेग सर्वांनी पाहिली होती. थांबा म्हणण्याचा अधिकार मात्र ती पाहणाऱ्याला नव्हता.

हौशी प्रवाशाला निदान मुकादम नसतो. पण भरलेले पैसे, संपत आलेली रजा आणि परतीचे आरक्षण हेच त्याचे मुकादम होतात. तेव्हा निघण्यापूर्वीच ठरवा की तुकडीतला सर्वांत नवखा जरी “मागे फिरू” म्हणाला, तरी सर्वांनी थांबून त्याचे ऐकावयाचे. आणि ज्यांनी तुमचे ओझे उचलले आहे, त्यांनाही हाच हक्क द्या. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते.