शिक्षेनंतरची शिक्षा

कर्ज फिटलें कीं खातें बंद करावें, हा पेढीचा जुना नियम. फिटलेल्या कर्जाची पुनः मागणी करणारा सावकार बाजारांत अब्रूदार गणला जात नाहीं. मग सोळाव्या वर्षीं चोरीच्या प्रकरणांत सांपडलेली मुलगी बाविसाव्या वर्षीं दुकानांत हिशेब लिहिण्याचें काम मागूं आली, तर जुन्या नोंदीवर बोट ठेवून तिला दारांतूनच परत लावणें हा कोणता न्याय? मुलग्याची असली चूक आपण ‘पोरवय’ म्हणून पोटांत घालतों. मुलीची मात्र जन्मभर उगाळतों.

आमच्या मतें येथें कायदा समाजाच्या पुढें गेला आहे. समज देऊन किंवा सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडलेल्या इसमास दोषी ठरल्यामुळें येणारी अपात्रता लागूं नये, असें १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचें १२ वें कलम सांगतें. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या २४ व्या कलमानें अठरा वर्षांखालील मुलामुलींस हेंच संरक्षण देऊन, अपिलाची मुदत सरल्यावर नोंदी नष्ट करण्याचीही तरतूद केली. सोळा वर्षांवरील ज्यांचा घोर अपराध प्रौढांप्रमाणें चालविला जातो, तेवढे अपवाद.

पण हें त्या मुलींस सांगतो कोण? अर्जांत ‘आपणांवर कधीं खटला झाला होता काय?’ हा प्रश्न आला कीं कोणी भीतीनें ‘नाहीं’ लिहिते, कोणी अर्जच फाडून टाकते. दोहोंत नुकसान तिचेंच. सरकारी नोकरीच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अवतार सिंग प्रकरणांत बजावलें कीं, माहिती खरी द्यावी, दडवूं नये. मात्र तरुण वयांतील क्षुल्लक अपराध दडविला गेला असल्यास नेमणूक करणारास तो विवेकानें क्षम्य मानतां येतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वींच वकिलाचा सल्ला हवा. निकालपत्रांत नेमकें काय आहे, नोंद नष्ट झाली आहे काय, नसल्यास बाल न्याय मंडळाकडे अर्ज कसा करावा, आणि खरें व पुरें उत्तर कोणत्या शब्दांत द्यावें, हें तोच सांगूं शकेल.

हा सल्ला विकत घ्यावा लागत नाहीं. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेसाहाय्याचा हक्क आहे. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

व्यापारी बंधूंस आमची विनंती इतकीच कीं, त्या जुन्या अपराधाचा आजच्या कामाशीं कांहीं संबंध आहे काय, तें पाहावें, मुलीचें म्हणणें ऐकावें, आणि महिना दोन महिने काम देऊन पारख करावी. सर्व दारें बंद झाल्यामुळें ती पुनः त्याच वाटेस लागली, तर तो दोष एकट्या तिच्या खातीं मांडतां येणार नाहीं.