सफरमैनांची खडकी

थ्री-नॉट-थ्री रायफलीची जुनी पुंगळी कधी हाती लागली तर तिचं बूड पाहावं. तिथे 'के' आणि 'एफ' ही रोमन अक्षरं दिसली, तर ती गोळी पुण्याजवळच्या खडकीत तयार झालेली असते. के म्हणजे किर्की, एफ म्हणजे फॅक्टरी. १८६९ साली सुरू झालेला हा दारूगोळा कारखाना आजही चालू आहे.  २०२१ पासून तो ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत आला, तिचं मुख्यालयही पुण्यातच.

लोणावळा लोकलने जाताना शिवाजीनगर गेलं की खडकी येतं. हे नाव आपल्याला माहीत असतं ते ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. बापू गोखल्यांच्या फौजेची ती झुंज शाळेच्या पुस्तकात येते, आणि पुस्तकातली खडकी तिथेच संपते. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच इथल्या लष्करी छावणीतून निघालेली मराठी माणसं पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आणि इराकच्या खंदकांत उभी होती. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खडकी हे बॉम्बे सॅपर्सचं घर. लोक त्यांना सफरमैना म्हणत. नदीवर पूल टाकायचा, रस्ता करायचा, खंदक खणायचे, सुरुंग पेरायचे, हे त्यांचं काम. १९१४ मध्ये पलटणीचं सरकारी नाव होतं थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. भरती मराठा, शीख आणि मुसलमान जवानांची. त्यातल्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांना ४७ व्या शीख पलटणीसोबत न्यूव्ह शापेल या गावावर चालून जायला सांगण्यात आलं. कारागीर सैनिकांना पायदळासारखं वापरायचा तो हुकूम होता. हातात रायफल, तिला संगीन. ते गावात घुसले, घराघरांतून लढले, पण मदत आली नाही आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. पूल बांधायला शिकवून तयार केलेली माणसं एका दिवसात अशी खर्ची घालणं अक्षम्य होतं, असं मला वाटतं.

रायफलीत आपली बाजू कमी नव्हती. ली-एनफिल्डमध्ये दहा गोळ्या बसत, जर्मनांच्या माउझरमध्ये पाच. तयार शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. पण समोरचा माणूस जमिनीखाली बसला की सरळ जाणारी गोळी त्याला लागत नाही. वरून खाली पडणारं काहीतरी लागतं: हातबॉम्ब, नाहीतर उखळी तोफ. जर्मनांकडे दोन्ही होती. किल्ले फोडण्यासाठी बनवलेल्या त्यांच्या मिनेनवेर्फर तोफा खंदकांवर अचूक उपयोगी पडल्या. भारतीय दलाकडे सुरुवातीला यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

मग सफरमैनांनीच हात घातला. जॅमच्या रिकाम्या डब्यात स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे ठासायचे, वात लावायची, काडी ओढायची आणि फेकायचं. वात ओली असली तर पेटायची नाही, लांब राहिली तर बॉम्ब उलट आपल्याच खंदकात परत यायचा. भारतीय दलाबरोबर असलेल्या कॅप्टन बॅटी या इंजिनिअरने बेथून गावात ओतीव लोखंडाच्या नळकांड्याचा, लाकडी बूच बसवलेला बॉम्ब बनवून घेतला. 

इराकमध्ये तर याहून बिकट. तिकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात खडकीच्या सतराव्या आणि बाविसाव्या कंपन्या होत्या आणि मराठा पलटणीही. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी ही डिव्हिजन कुत-अल-अमारा गावात वेढली. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या तोफांनी तिथल्या मातीच्या किल्ल्याची भिंत पाडली आणि खिंडारातून हल्ला झाला. तो परतवणाऱ्यांत १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री होती. तुर्कांकडे जर्मन बनावटीच्या माउझर रायफली आणि बॉम्ब. आत अडकलेल्यांनी हातबॉम्ब घरचेच केले, आणि निकामी झालेल्या विमानाच्या नोम इंजिनातला सिलिंडर काढून त्याची उखळी तोफ बनवली. उपासमारीने २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, सुमारे तेरा हजार जण कैद झाले. त्यातले कितीतरी वाळवंटातल्या चालीत आणि कैदेत मेले.

ब्रिटिशांचा मिल्स बॉम्ब १९१५ मध्ये आला. त्याच्या '३६ एम' या प्रकारातला 'एम' मेसोपोटेमियाचा, म्हणजे इराकचा. उष्णता आणि दमट हवा आत शिरू नये म्हणून तो लाखेने बंद केलेला असे. लाख म्हणजे पळस-कुसुमावरचे किडे तयार करतात ती.  हा ३६ नंबरचा बॉम्ब भारतीय लष्करात शंभर वर्षं टिकला. त्याची जागा घेणाऱ्या मल्टी-मोड ग्रेनेडची पहिली खेप ऑगस्ट २०२१ मध्ये लष्कराच्या हवाली झाली, तीही नागपुरात.

खडकीला जायचं तर होळकर पुलाजवळची युद्ध दफनभूमी कुणालाही पाहता येते. तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावं आहेत. सफरमैनांचं स्वतःचं स्मारक छावणीत आहे. त्यासाठी लष्कराची परवानगी आधी काढावी. न्यूव्ह शापेलला ज्यांचे देह मिळालेच नाहीत, त्यांची नावं फ्रान्समधल्या भारतीय स्मारकावर आहेत. ७ ऑक्टोबर १९२७ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथे पावणेपाच हजारांच्या घरात नावं कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत यातल्या बऱ्याच नावांपुढे वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या ज्या घरांत लढाईवर जाऊन न परतलेल्या पणजोबांची नुसती आठवण उरली आहे, त्यांनी 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' किंवा मराठा पलटणीच्या नावाने ती यादी चाळावी.