विद्युत गिटारीवरील बहुरंगी लेप

विद्युत गिटार आपल्याकडे बहुतेकांच्या परिचयाची झाली ती चित्रपटसंगीतामुळे. तिचा आवाज कानांवरून गेलेला असतो. तिचे अंग मात्र क्वचितच कोणी निरखून पाहिलेले असते. साध्या गिटारीचे अंग पोकळ असते आणि त्या पोकळीत स्वर घुमतो. विद्युत गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारांचे कंपन चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यांत विद्युतप्रवाह निर्माण करते व तो प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जातो. लाकूड घुमवायचे नसल्यामुळे रंगाऱ्याला येथे जी मोकळीक मिळाली, ती व्हायोलिन घडविणाऱ्या कारागिराला कधीच नव्हती. जाड लेपाने स्वर दबतो, असे वादक हिरिरीने सांगतात. पोकळ वाद्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. भरीव वाद्याच्या बाबतीत हा फरक असलाच तर अत्यल्प असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकाच रंगाचा लेप देणे हे मोटारी रंगविणाऱ्यालाही साधते. खरी अडचण उभी राहते ती दुसरा रंग हाती घेतल्यावर. दोन रंग जेथे भेटतात तेथे त्यांनी एकमेकांत विरून जावे, की काटेकोर रेषेवर थांबावे, की पाण्यावरच्या तेलाप्रमाणे शेजारी शेजारी वाहत राहावे? या तीन पर्यायांतूनच निरनिराळी तंत्रे निघाली आहेत. आणि कोणते तंत्र साधेल हे रंगाऱ्याच्या आवडीपेक्षा रंगद्रव्याच्या स्वभावावर अधिक अवलंबून असते.

हा स्वभाव समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1920 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी वापरात आले. तोवर तेलमिश्रित रंगाचे थर वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. हे लॅकर काही तासांत वाळू लागले. वाद्यांचे कारखानेही लवकरच त्याकडे वळले. लॅकर वाळते म्हणजे त्यातील द्रावक उडून जातो, एवढेच. त्यामुळे वाळलेल्या थरावर नवा थर फवारला की नव्यातील द्रावक जुन्याला किंचित विरघळवितो आणि दोन्ही थर एकजीव होतात. याउलट तैलमिश्रित एनॅमल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कठीण होते, तर पॉलिएस्टर त्यात मिसळलेल्या दुसऱ्या रसायनामुळे आळते. अशा थरावर पुढचा थर विरघळून चिकटत नाही; तो धरून राहावा म्हणून खालचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावा लागतो.

एकमेकांत विरणाऱ्या रंगांचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे सनबर्स्ट. मराठीत त्याला सूर्यप्रभा म्हणता येईल. परंतु मूळ शब्दच सर्वत्र रूढ असल्यामुळे येथेही तोच ठेवला आहे. मध्यभागी पिवळसर उजेड आणि कडेकडे जाताना गडद होत जाणारा तांबूस, तपकिरी किंवा काळा रंग, असे त्याचे स्वरूप असते. गिब्सन कंपनीच्या 1922 मधील एल-5 या पोकळ गिटारीवर अशीच छटा होती आणि तिला व्हायोलिनसाठी विख्यात असलेल्या क्रेमोना या इटालियन गावाचे नाव दिलेले होते. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये आली ती दोन रंगांच्या सनबर्स्टमध्ये; 1958 मध्ये त्या दोहोंच्या मध्ये तांबडा रंग आला.

कृती ऐकताना सोपी वाटते. लाकडाची छिद्रे बुजवून प्रथम पिवळी छटा दिली जाते. नंतर पारदर्शक गडद रंग फवारणीच्या बंदुकीने कडेवर सोडतात. बंदुकीचे तोंड आतल्या बाजूस न धरता किंचित बाहेरच्या बाजूस तिरपे धरावे लागते, म्हणजे फवाऱ्याची केवळ विरळ झालर आत पडते. हात एका जागी क्षणभर रेंगाळला की तेथे डाग उठतो आणि तो पुसता येत नाही. शेवटी अगदी कडेला अपारदर्शक काळी रेघ येते. तिच्याखाली लाकडाच्या फळ्यांचे सांधे झाकले जातात, हा कारखानदाराचा फायदाही विसरून चालणार नाही.

गिब्सनच्या लेस पॉल या गिटारीला 1958 ते 1960 या काळात चेरी रंगाचा सनबर्स्ट देण्यात येई. त्यातील तांबडे रंगद्रव्य प्रकाशात टिकणारे नव्हते. दुकानाच्या खिडकीत काही काळ टांगलेल्या गिटारीचा तांबडा रंग उडून ती मधासारखी, कधी लिंबासारखी पिवळी पडे. 1960 मध्ये अधिक पक्के तांबडे वापरण्यात येऊ लागले. त्या वेळी जो दोष ठरला, त्यासाठीच आज संग्राहक प्रचंड किंमत मोजतात. एका खिडकीतील ऊन आणि दुसऱ्या घरातील पेटीचा अंधार यांमुळे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गिटारी आज सारख्या दिसत नाहीत.

रेषेवर थांबणाऱ्या रंगांचे तंत्र थोडक्यात सांगता येईल. एक रंग वाळल्यावर त्यावर चिकटपट्ट्या लावायच्या, दुसरा रंग फवारायचा आणि पट्ट्या ओढून काढायच्या. एडी व्हॅन हेलन या वादकाने घरच्या घरी जुळविलेली गिटार याचे उत्तम उदाहरण होय. आधी काळा, पट्ट्या लावून त्यावर पांढरा, आणि 1979 मध्ये पुन्हा पट्ट्या लावून तांबडा. त्या आडव्यातिडव्या रेघा पुढे जगभर नकलल्या गेल्या.

कुंचल्याने रंगविलेल्या गिटारीही आहेत. जॉर्ज हॅरिसनने 1967 मध्ये आपल्या फिक्या निळ्या स्ट्रॅटोकास्टरवर स्वतःच्या हाताने झगझगीत रंग चढविले; पत्नीच्या नखांचा रंगही त्यातून सुटला नाही. त्याच वर्षी एरिक क्लॅप्टनची गिब्सन द फूल या डच कलावंतमंडळींनी चितारली. चित्र म्हणून ते अविस्मरणीय होते, लेप म्हणून मात्र कच्चे. सततच्या वादनाने रंगाचे पापुद्रे निघू लागले व पुढे तिची दुरुस्ती करावी लागली. फेंडरने तर 1968 मध्ये रंगाऐवजी भिंतीला लावायचा वेलबुट्टीचा कागदच चिकटवून वर पारदर्शक थर दिला. युक्ती चतुर होती, पण पुष्कळ गिटारींवर तो थर पुढे तडकला.

तिसरे तंत्र सर्वांत देखणे आणि सर्वांत बेभरवशाचे. त्यात गिटारीला रंग लावत नाहीत. रंगात गिटार बुडवितात. जपानच्या आयबानेझ कंपनीने 1990 मध्ये स्टीव्ह वाय या वादकासाठी घडविलेली सात तारांची युनिव्हर्स गिटार या भोवऱ्यांच्या रंगकामामुळे गाजली. पण पाण्यावर रंग तरंगवून ते उचलून घेण्याची कला जुनी आहे. फारसीत अब्र म्हणजे ढग. त्यावरून अशा कागदाला अबरी म्हणतात. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी याच अबरीतून हाडे निघालेल्या घोड्यांची विलक्षण चित्रे साकारली. नको असलेला भाग झाकून ठेवून केवळ आकृतीपुरती अबरी उमटविण्याची त्यांची पद्धत वर सांगितलेल्या चिकटपट्टीची पूर्वजच म्हटली पाहिजे.

गिटारीसाठी तिचे अंग सहज बुडेल एवढे पिंप किंवा टाकी घेऊन पाण्यात टाकणखार विरघळवितात; त्यामुळे रंग पृष्ठभागावर चांगला पसरतो असा अनुभव आहे. अंगाला आधी पांढरे अस्तर देऊन ते घासून घेतलेले असते. मान बसविण्याच्या खाचेत लाकडी दांडा पक्का करतात, म्हणजे धरण्यास मूठ मिळते. मग पातळ केलेले तैलमिश्रित एनॅमल थेंबाथेंबाने पाण्यावर सोडतात. थेंब पसरतो, त्याच्या पोटात दुसरा सोडला की पहिला कडेला सरकतो. काडीने एकदोन वळणे दिली की भोवरे तयार होतात. येथे फार वेळ घालवून चालत नाही, कारण वरची साय घट्ट होऊ लागते.

आता अंग किंचित तिरपे धरून एकाच संथ गतीने खाली दाबायचे. लाकूड पाण्याहून हलके असल्यामुळे ते उलट वर उसळू पाहते. हात थरथरला तर नक्षी तुटते. खाचांत हवा अडकली तर बुडबुडा वर येऊन रंगात भोक पाडतो, म्हणून खाचा आधीच बुजवून ठेवतात. अंग पूर्ण बुडाले तरी काम संपत नाही. पाण्यावर उरलेला रंग कागदाने ओढून दूर सारावा लागतो आणि मगच ते वर काढायचे; अन्यथा बाहेर येताना उमटलेल्या नक्षीवर दुसरा थर चढून सारा चिखल होतो. हे सारे एका माणसाच्या दोन हातांना पुरत नाही, म्हणून बहुधा एक सोबती लागतो.

यश आले तर पुढून, कडेवरून, मागे असा रंगांचा एकच अखंड प्रवाह दिसतो. त्यानंतर मात्र घाई केल्यास सर्व श्रम वाया जातात. वरून तरतरीत चकाकी यावी म्हणून कच्च्या एनॅमलवर लॅकर फवारले, तर त्यातील तीव्र द्रावक खालच्या थरात शिरतो आणि रंग सुरकुततो. म्हणून कित्येक दिवस वाळू देऊन आधी अगदी विरळ थर देतात, तो बसल्यावरच भरघोस थर. या सर्व द्रावकांची वाफ पेट घेणारी व फुप्फुसांना घातक असते; खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही, वाफ शोषून घेणाऱ्या योग्य गाळणीचा मुखवटा हवाच. आणि बुडविणे फसले, तर ओला रंग पुसून काढून किंवा वाळल्यावर अस्तरापर्यंत घासून नव्याने पाणी भरायचे. तीच नक्षी दुसऱ्यांदा मिळत नाही.