बुडालेल्या खजिन्यावर हक्क कोणाचा?

८ जून १७०८ रोजी कोलंबियाच्या कार्ताहेना बंदराजवळ ‘सान होसे’ हे स्पेनच्या राजाचे जहाज इंग्रजांशी लढताना बुडाले. सोने, चांदी, पाचू आणि सुमारे सहाशे माणसे समुद्राच्या तळाशी गेली. २०१५ साली कोलंबिया सरकारने जहाज सापडल्याचे जाहीर केले आणि मालकीचा जुना वाद पुन्हा पेटला.

स्पेन म्हणतो, जहाज आमच्या आरमाराचे, म्हणून आजही आमचेच. कोलंबिया म्हणतो, आमच्या समुद्रात सापडले, म्हणून तो आमचा राष्ट्रीय वारसा. एक अमेरिकन कंपनी म्हणते, ठिकाण आम्ही १९८० च्या दशकातच दाखवले होते, आमचा वाटा टाका.

या भांडणात चौथा आवाज आहे बोलिव्हियातील खारा खारा या मूलनिवासी समाजाचा. जहाजातली चांदी आमच्या पूर्वजांनी पोतोसीच्या डोंगरातून काढली, असे ते सांगतात.

वाचकहो, ती चांदी कशी निघाली हे आपण समजून घेतले पाहिजे. पोतोसीत १५४५ साली चांदी सापडली. पुढे १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने ‘मिता’ पद्धत बसवली. नेमलेल्या प्रदेशांतील सातांपैकी एका पुरुषाने दरवर्षी पाळीने खाणीवर जायचे. मजुरी नावापुरती, पण नकाराची सोय नाही. आपल्या भाषेत ही वेठबिगारीच! अंधाऱ्या खाणीत दरडी कोसळत, तर चांदी गाळताना पाऱ्याचे विष अंगात भिनत असे. ही वेठ १८१२ साली कायद्याने बंद झाली.

कायदा मात्र घाम मोजत नाही. १८०४ साली बुडालेल्या ‘मेर्सेदेस’ या स्पॅनिश युद्धनौकेतून एका अमेरिकन कंपनीने २००७ साली सुमारे सतरा टन नाणी वर काढली. पेरूनेही त्यांवर हक्क सांगितला. पण युद्धनौका बुडाली तरी तिच्या राष्ट्राचीच, या तत्त्वावर अमेरिकन न्यायालयांनी स्पेनच्या बाजूने निकाल दिला. २०१२ साली नाणी माद्रिदला गेली.

कोलंबियाने २०२४ साली ‘सान होसे’चा परिसर संरक्षित केला आणि २०२५ साली एक तोफ, चिनी मातीचा पेला व काही नाणी वर काढली. खारा खारा समाज हा सर्वांचा सामायिक वारसा माना, असे म्हणतो. आम्हाला ही मागणी न्यायाची वाटते. नाणी विकू नयेत, वाटून घेऊ नयेत. ती संग्रहालयात ठेवावीत, आणि राजाच्या नावाशेजारी ती खणणाऱ्यांची हकीकतही लिहावी. खणणाऱ्यांना विसरून केलेली वाटणी ही दुसऱ्यांदा केलेली लूटच ठरेल.