नंदुरबारात समुद्र तयार करायचा तर…

तापी नदी नंदुरबार जिल्ह्यातून पुढे जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. आपल्याकडचे पाणी समुद्राला जाते. समुद्राचे पाणी मात्र आपल्याकडे येत नाही. मग प्रवाळ-खडकांवरचे रंगीत मासे घरी पाळायचे असतील, तर समुद्रही घरीच तयार करावा लागेल! तो आधी कागदावर तयार करून पाहू. टाकी 100 लिटरची धरू.

पाण्याचा हिशेब

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्याला साडेतीन किलो लागतील. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. सागरी क्षारांत त्याचा वाटा सुमारे 78 टक्के; उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात. म्हणून तयार सागरी क्षारमिश्रण घ्यावे. ते बोअरच्या दुष्फेन पाण्यात नव्हे, तर आरओ यंत्राच्या पाण्यात विरघळवावे.

आता एक कोडे. उन्हाळ्यात टाकीतले 5 लिटर पाणी उडून गेले, तर भर कोणत्या पाण्याची घालाल? खाऱ्या? चूक! वाफ झाली ती पाण्याची. क्षार टाकीतच राहिले. प्रत्येक वेळी 5 लिटर खारे पाणी घातले, तर दर खेपेस 175 ग्रॅम क्षार वाढतील आणि मासे संकटात येतील. म्हणून भर गोड्या पाण्याचीच.

मे महिन्याची परीक्षा

या माशांना 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच वीज जाऊन पंप थांबला, तर मासे गुदमरतात. तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप यादीत हवाच.

पाणी थंड ठेवण्याची युक्ती आपल्या माठातच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. ती सगळी टाकीतूनच घेतली गेली, तर 100 लिटर पाणी जवळजवळ 6 अंशांनी निवेल. प्रत्यक्षात बाहेरूनही उष्णता येत राहते, म्हणून फरक कमी पडतो. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा हेच काम करतो. पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा उपयोग कमी.

न दिसणारे रहिवासी

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. सच्छिद्र दगडांवर या जीवाणूंची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणारा येथेच फसतो. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासे आणू नयेत.

कोणाला आणावे?

प्रवाळ आणू नये. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाचेही नाव त्याच अनुसूचीत आहे. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. प्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रखर प्रकाश लागतो. प्रवाळच नसतील, तर महागड्या दिव्यांचा खर्चही वाचतो!

मग विदूषक माशांची एक जोडी पुरे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास टाक्यांत यशस्वी केली आहे. समुद्रातून पकडलेले मासे न घेता असे टाकीत जन्मलेले घ्यावेत. हे मासे आधी नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून लहान वयाचे, पण कमीजास्त आकाराचे दोन निवडावेत.

करून पाहा

वर्गात एक टाकी नुसत्या खाऱ्या पाण्याने भरा. मासे नकोत. एप्रिलभर रोज दुपारी तापमान, पाण्याची पातळी आणि हायड्रोमीटरवरील विशिष्ट गुरुत्व नोंदवा. पंखा लावूनही पाणी 30 अंशांवर जात असेल, तर शीतक यंत्राशिवाय मासे आणू नयेत. हा निर्णय जिवंत माशांवर प्रयोग करून नव्हे, तर नोंदवही पाहून घ्यायचा.